कॅसेटीतला आवाज

गेल्या महिन्यात एडिटिंगसाठी नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. मानपाड्याच्या आमच्या कॉम्प्युटरवाल्याने ते बसवलं आणि म्हणाला, "मॅडम, कार्ड भारी आहे, पण तुमच्या मदरबोर्डचा स्लॉट जुना. एवढा डेटा त्यातून जाणारच नाही." मला माझे सासरे आठवले.

टेंभी नाक्याजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मी लग्न होऊन आले तेव्हा लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींच्या सीडी करून द्यायला त्यांनी कॉम्प्युटर घेतलेला. मी कोर्स केलेला, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

एकदा शहाडहून एक बाई आल्या. त्यांचे वडील नुकतेच गेलेले. बाईंच्या लग्नात बुद्धवंदना झाल्यावर वडील माईकवर चार शब्द बोलले होते, तेवढाच त्यांचा आवाज उरलेला. मी कॅसेट लावली. कॉम्प्युटरवर घेताना चित्र अडखळायचं, मधलं गळायचं. ओठ एकीकडे, शब्द भलतीकडे. तीन दिवस तेच. मला रडू यायचं बाकी होतं.

सासऱ्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडायला लावला. "ही सगळी कार्डं वेगवेगळ्या वाटेने जातात का गं?"

"नाही बाबा. व्हिडिओचं, नेटवर्कचं, हार्ड डिस्कचं, सगळ्यांची वाट एकच. आणि ती आता पुरत नाही."

"मग स्टेजवर गर्दी झाली की मी काय करतो? पाहुण्यांना खाली उतरवतो."

मी नेटवर्कचं कार्ड काढलं. हार्ड डिस्कची केबल तिच्या कार्डावरून सोडवून सरळ मदरबोर्डला लावली. बाबांनी दुकानाचं दार लावून घेतलं, आणि दोन-दोन मिनिटांचे तुकडे करत आम्ही ते भाषण उतरवलं. तुकडा उतरत असताना मी माऊसला हातसुद्धा लावला नाही. पुढची जेवणावळ थोडी थरथरली, पण भाषण अख्खं आलं.

बाई आल्या, स्क्रीनसमोर बसल्या. वडील नवऱ्यामुलाला सांगत होते, "हट्टी आहे आमची. चुकली तर रागावू नका, समजावून सांगा. ऐकते ती."

"परत लावता का?" बाई हळूच म्हणाल्या. मी चार वेळा लावलं. बाबा पाठमोरे उभे राहून कॅमेऱ्याची स्वच्छ काच पुसत होते.

त्यानंतर कुणीही कॅसेट घेऊन आलं की बाबा पावती करण्याआधी विचारायचे, "यात कुणाचा आवाज आहे?"