डाव्या टोकाची ऊब

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, माफ करा. शिक्षण चौथीपर्यंतच. मासिकात लोकांचे असे अनुभव वाचते, म्हणून लिहिते... पाठवीन की नाही, माहीत नाही. आम्ही बौद्ध, घरात भूतखेत कोणी मानलं नाही. मी तर नाहीच.

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी साफसफाई करते. तिथे हातभर लांब आरसे तयार होतात, पण तोंड बघायचे नाहीत. सिंक्रोट्रॉन म्हणून मोठं यंत्र असतं, त्यातले एक्स-रे हे आरसे एका ठिपक्यावर गोळा करतात. त्यासाठी आरसा दोन्ही टोकांना स्क्रू पिळून वाकवतात – डोळ्याला दिसणार नाही इतकाच. माणूस नुसता जवळ उभा राहिला तरी अंगाच्या उबेने तो बाक बदलतो आणि कॉम्प्युटरवर रेघ चढते.

आमचे हे तिथेच फिटर होते. चहाच्या आधी डाव्या टोकाशी उभे राहून आरसा बघत बसायचे. मग सगळे ओरडायचे, "विलास, हट तिथून, तापवलास!"

हे गेले. त्यांच्या दवाखान्यासाठी साहेबांकडून उचल घेतली होती, ती फेडायला मी कामाला लागले. आणि नवीन आरशाची रेघ रोज चहाच्या आधी चढायला लागली. डाव्याच टोकाला. आरशाच्या खोलीत कोणी नसताना.

एसी तपासला, स्क्रू बदलले. ह्यांच्या जोडीचे फिटर सुनीलदादा म्हणाले, "साहेब, विलास आलाय. त्याने कधी खाडा केला होता का?" कोणी हसलं नाही.

मला मात्र बरं वाटायचं. त्या वेळेला मी त्या खोलीच्या काचेबाहेरची लादी मुद्दाम हळू पुसायचे.

मग साहेब म्हणाले, "ताई, हा आरसा गिऱ्हाइकाकडून परत आला तर कारखाना बंदच करावा लागेल. माझा विश्वास नाही, पण... तुम्ही एकदा सांगून बघा."

मला चारचौघांत बोलता येत नाही. सगळे बाहेर गेले. मी दारातूनच म्हटलं, "अहो, जा आता. पोरींची शाळा ह्याच पगारावर आहे."

रेघ खाली आली. परत कधी चढली नाही.

साहेब म्हणतात, एसीचाच झोत असेल. मग तो त्याच दिवशी कसा थांबला? आरसा पास होऊन गेला. मी आता लादी भराभर पुसते. "थोडं थांबून जा" एवढं तरी म्हणायला हवं होतं.

ह्या पगारात उचलीचा शेवटचा हप्ता कापला. साहेब म्हणाले, "ताई, सगळे पैसे फिटले."