उजव्या हाताने डावा कान

"हात वर घे. डोक्यावरून ने. आता धर डावा कान."

शाळेच्या ओट्यावर हेडमास्तर खुर्ची टाकून बसले होते. मी समोर उभी. ऐंशी-एक्याऐंशीचा जून असेल. शिरपूर तालुक्यातलं आमचं गाव, आणि त्या गावात जन्माची नोंद कुणाच्याच घरी नव्हती. पोरांचं वय ठरवायची एकच रीत होती. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा. डाव्या कानाला लागला तर पोर सहा वर्षांचं, घ्या पहिलीत. नाही लागला तर जा घरी.

माझ्या आधी सुनंदा होती. गावातले मोठे बागायतदार नाना, त्यांची ही पोर. माझे मायबाप नानांच्याच शेतात राबायचे. सुनंदाने हात नेला आणि अख्खा कान मुठीत धरला. हेडमास्तरांनी तिचा हात हातात घेतला, "शाब्बास" म्हणाले.

मग माझी पाळी. माझा हात टाळूवर जाऊन थांबला. मी ताणला. बोटं केसांत चाचपडत राहिली, कान काही सापडेना. हेडमास्तरांनी टेबलावरची फूटपट्टी उचलली आणि तिने माझं कोपर वर ढकललं. फूटपट्टीने. सुनंदाला हाताने, मला लाकडाने. सहा वर्षांच्या पोरीला असलं कळत नाही असं म्हणतात. मला कळलं होतं.

"ही अजून लहान आहे. पुढच्या वर्षी आण."

माय ओट्याच्या खाली उभी होती. तिने पदर सावरला आणि बोलली, "गुरुजी, दोन्ही एकच आठवडामा जल्मेल शेतस. नानानी पोरनी पाचवी व्हती, त्याच रोजले मी बाळंत व्हयनू."

"अगं, वय तू नको सांगू. वय कान सांगतो."

ओट्यावरची माणसं हसली. त्यात नाना होते, पोस्टमन होता, शाळेचा शिपाई होता. हेडमास्तरांना ते हसणं आवडलं असावं, कारण ते आणखी बोलले, "आणि वाढून वाढून किती वाढणार? बापाकडे बघ, आईकडे बघ. खाण तशी माती."

माय खाली मान घालून मला घेऊन निघाली. घरी आल्यावर तिने मला पुढ्यात बसवलं, माझ्या हाताला गोडेतेल लावलं आणि हात ओढायला लागली. ओढून लांब होईल म्हणून. रोज संध्याकाळी, शेतातून आल्यावर, भाकरी टाकायच्या आधी. मी रडायचे. ती म्हणायची, "रडू नको माय, थोडासा तर ऱ्हायना." थोडासाच राहिलाय. ते थोडंसं भरायला दोन वर्षं लागली.

पुढच्या जूनमध्येही हात पोचला नाही. त्याच्या पुढच्या जूनमध्ये पोचला, तोही मान वाकडी केली म्हणून. मान वाकडी करायचं मायने शिकवलं होतं. हेडमास्तरांनी रजिस्टर उघडलं, जन्मतारीख एक जून घातली, साल सहा वर्षांमागचं. माय त्यांच्या पाया पडली. मी आठ वर्षांची होते. कागदावर सहा. माझ्या आयुष्यातली दोन वर्षं एका सहीने गेली आणि वर आम्ही उपकार मानले.

ती दोन वर्षं मी काय केलं? कापूस वेचला. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं फाटायची. सुनंदा पाटी घेऊन बांधावरून जायची आणि मी झाडांच्या ओळीत उभी असायचे, झाडाएवढीच. मी पहिलीत गेले तेव्हा ती तिसरीत होती. तिची जुनी पुस्तकं मला मिळायची. "ताईची पुस्तकं सांभाळून वापर म्हणून सांग तिला," असं सुनंदाची आई, अक्का, मायला म्हणायची. ताई! पाच दिवसांची ताई.

खाण तशी माती. हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. मला ते पटलंही होतं, खोटं कशाला सांगू. माय ठेंगणी, बाप ठेंगणा, मी ठेंगणी. आपली जातच ही, असं वाटायचं. पण आमच्या घराचं दार वेगळंच काही सांगायचं, आणि ते मला पुष्कळ उशिरा ऐकू आलं.

आमचं घर मातीचं, छप्पर कौलाचं, पण दार उंच. गावातले विचारायचे, "हत्ती बांधता का रे घरात?" ते दार माझ्या आज्याने बसवलेलं. आजा मोठ्या लढाईच्या वेळी पलटणीत भरती झाला होता. माय सांगायची, गेला तेव्हा काडी होता, मिसरूड फुटलं नव्हतं. तिथे दोन वेळा पोटभर, वरून डाळ, मटण, दूध. पाच-सहा वर्षांनी परतला तर गावाने ओळखलं नाही. अंगाने भरलेला, चांगला वीतभर वाढलेला. जुन्या दारात कपाळ आपटायला लागलं म्हणून त्याने आपल्या मापाची नवी चौकट घातली. मग पलटणीची डाळ बंद झाली आणि गावाची भाकरी सुरू झाली. बाप त्या भाकरीवर वाढला. बापाच्या डोक्यावर चौकटीत वीतभर जागा उरायची. माझ्या डोक्यावर हातभर. त्याच आज्याचं रक्त, तेच दार, आणि प्रत्येक पिढीला वरची जागा वाढत गेली.

कशीबशी दहावी झाले. पुढे कोण शिकवणार? नव्वदीनंतर गावात अंगणवाडी आली, शाळेच्याच ओट्याला लागून असलेल्या शेवटच्या खोलीत. मी सेविका झाले. लहान पोरांना गाणी म्हणून दाखवायची, सुकडी, म्हणजे सरकारकडून येणारा पौष्टिक भरडा, वाटायची, महिन्याला वजन करायचं आणि वजनाचा ठिपका तक्त्यावर मांडायचा. ट्रेनिंग धुळ्याला झालं. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर रेघा काढून समजावलं की पोराचं वजन आणि वय दोन्ही खरं लागतं. वय चुकलं की तक्ता खोटं बोलतो.

शाळेत एकदा डॉक्टर आले होते तपासायला, ते आठवलं. माझी उंची मोजली, वजन घेतलं, रजिस्टरमधलं वय पाहिलं, आठ. आणि लिहिलं, "वाढ ठीक." ठीकच असणार! मी दहा वर्षांची होते. उंचीवरून वय लिहायचं आणि मग त्या वयाला उंची बरोबर आहे म्हणायचं. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक पोराचं असंच. कागदावर आम्ही कधी बुटके नव्हतोच. कागदावर आम्ही कधी उपाशी नव्हतोच. उपास कुठे गेला? वयात घालून मुरवला.

हे कळल्यावर तरी मी शहाणी व्हायला हवं होतं ना? नाही झाले.

एकदा सुनंदा माहेरी आली होती. पोराला डोस पाजायला अंगणवाडीत आली. उंच, भरलेली, कडेवरचं पोरही गुटगुटीत. मला बघून खूश झाली. खरंच खूश झाली, तिच्या मनात काही नव्हतं. म्हणाली, "अगं, अजून तश्शीच तू! बरंय तुझं, वय दिसत नाही. आणि तशी तू दोन वर्षांनी लहानच की माझ्याहून."

मी हसले. "हो ताई," म्हणाले. तिला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते हसणं मला आजही टोचतं.

आणि याहून वाईट केलं ते पुढेच. आमच्यावर देखरेख करणाऱ्या एक बाई होत्या. महिन्यातून एकदा यायच्या, एसटीने, पाय सुजलेले, हातात पिशवी. बाई वाईट नव्हत्या. डब्यातली चटणी मला द्यायच्या. एका महिन्यात त्या म्हणाल्या, "तुझ्या अंगणवाडीत तिसऱ्या श्रेणीत फार मुलं दिसतात गं. तीन जणांची वयं जरा कमी कर." श्रेणी म्हणजे पोर वयाच्या मानाने किती खंगलंय त्याची पायरी. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या पोराला दुप्पट सुकडी मिळायची. वय कमी लिहिलं की तेच वजन बरं दिसतं, पोर दुसऱ्या श्रेणीत जातं, आणि दुप्पट सुकडी बंद.

मी केली कमी. हो, मीच. आमच्याच वस्तीतली तीन पोरं. फूटपट्टी आता माझ्या हातात होती.

पुढच्या महिन्यात बायजी आली. सातपुड्यातून उतरून एक कुटुंब नानांच्या शेतावर वर्षाच्या बोलीवर सालदार राहिलं होतं, त्यांची ही पोर. डोळे मोठे, पोट पुढे, हातपाय काटक्या. वजनकाट्याच्या झोळीत बसवली तर काटा आठ किलोवर थांबला. मी तिच्या आईला वय विचारलं. त्या बाईला साल, महिना काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "चार होळ्या देख्यात तिनी. पहिलीले महिनानी व्हती, मना काखमा."

मी बोटं मोजली. ऑगस्ट चालू होता. साडेतीन वर्षं. मी साडेतीन लिहिलं. तिसरी श्रेणी.

बाई आल्या. रजिस्टर चाळताना त्यांचं बोट तिथेच थांबलं.

"हे साडेतीन कशाला? दोन लिही."

"बाई, ती साडेतीनचीच आहे. आईने सांगितलंय."

"जन्माचा दाखला आहे?"

"नाही."

"मग? बघून दोनचीच वाटते. वरून कागद आलाय. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतली मुलं कमी झाली पाहिजेत."

मुलं कमी झाली पाहिजेत. हे मी मनात दोनदा म्हणून पाहिलं. बायजी उंबऱ्यावर बसून रिकामी वाटी चाटत होती.

बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं, इतकं काय मनाला लावून घेतेस? या लोकांची चणच बारीक. खाण तशी माती."

त्याच ओट्यावर. तेच वाक्य. पंधरा-सोळा वर्षं झाली होती, हेडमास्तर कधीचे निवृत्त झाले होते, आणि वाक्य तिथेच खुर्ची टाकून बसलं होतं. मला माय दिसली, ओट्याखाली उभी. तिनेही तारीख सांगितली होती. पाचवीच्या दिवसाची, नेमकी. तिला कुणी विचारात घेतलं नाही.

"खाण नाही, बाई. खाणं. तुमच्याकडून एक टिंब राहिलं."

"काय?"

"खाणं तशी माती. माझ्या आज्याचं दार बघायला या कधी घरी."

मी पेन घेतलं. भीती वाटत होती, उगीच शूर म्हणून घ्यायचं नाही मला. बायजीचं साडेतीन पुन्हा गिरवून ठळक केलं. मग मागचं पान उघडलं. त्या तीन पोरांची वयं खोडली, खरी वयं लिहिली आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी सही केली.

"आधीचं मी खोटं लिहिलं होतं. तेही वर कळवा."

"तुझी जागा जाईल, माहितीये?"

"माहितीये."

बाईंनी डबा न उघडताच पिशवीत टाकला आणि एसटी यायच्या आधीच फाट्याकडे निघाल्या.

आठ दिवसांनी कागद आला. मी नोंदी फिरवल्या, वरिष्ठांशी उद्धट बोलले, सेवेतून कमी का करू नये याचा लेखी खुलासा द्यावा. मी चौकशीला धुळ्याच्या ऑफिसात गेले. वयं कमी करायला कुणी सांगितलं, असं मी तिघांना विचारलं. बाईंनी कानावर हात ठेवले. त्यांच्या वरच्यांनी ठेवले. त्यांच्याही वरच्यांनी ठेवले. माझा हात कानाला पोचायला दोन वर्षं लागली होती, यांचे किती झटकन पोचले!

खुलासा मी लिहून दिला. दीड पान. त्यात पहिलं वाक्य हे घातलं: शाळेच्या दाखल्यावरची माझी जन्मतारीख खोटी आहे, माझं वय दोन वर्षांनी जास्त आहे, आणि माझी आई त्याची साक्षीदार आहे. ऑफिसातला कारकून वाचून हसला. "याचा इथे काय संबंध?" मी म्हटलं, सगळा संबंध याचाच आहे, फाइलला लावा.

निकाल अजून लागलेला नाही. खोलीची किल्ली आज माझ्याकडे आहे, उद्या नसेलही. तोवर बायजीला दुप्पट सुकडी मिळते. तेवढ्याने ती उंच होणार नाही, एवढं मलाही कळतं. काल मी सहज तिचा हात तिच्या डोक्यावर ठेवून पाहिला. टाळूवरच थांबला. मी लगेच खाली घेतला, मला माझीच लाज वाटली.

पण एक ठरवलंय. बायजी सहा वर्षांची होईल त्या जूनमध्ये मी तिला शाळेत घेऊन जाणार. नोकरी असो वा नसो. माय ओट्याखाली उभी राहिली होती, मी ओट्यावर चढणार. झालेल्या चार आणि यायच्या तीन, अशा तिच्या सात होळ्या मी मोजून ठेवल्यात, तारखेसकट, शाईने. आणि तिथे कुणी तिचा हात डोक्यावरून न्यायला लागला, तर तो हात मी मधेच धरणार. मग कान कुणाचा धरायचा, ते मला पक्कं ठाऊक आहे.