परांचीवरचा आडवा बांबू

मी नवी सून असताना कैरीच्या डोहाळ्यांपायी एका माणसाला जवळजवळ मारलं होतं. नागावच्या आमच्या घरावर दुसरी माडी चढत होती. भिंतीलगत गवंड्यांसाठी बांबूची परांची होती आणि तिच्या कडेला, धरून चालायला, कमरेइतका उंच एक आडवा बांबू. मी अकलेचा कांदा! संध्याकाळी तो खिडकीतून सोडवला, त्याने बाहेरच्या आंब्याच्या कैऱ्या पाडल्या आणि तो खोलीतच टाकला.

परांची बांधणारा रोज सकाळी आधी एकटा वर चढे. फळीवर दाणदाण नाचे, एकेका गाठीला "निजलीस का गं?" विचारी, मगच गवंड्यांना हाक मारी. मी तोंडात पदर कोंबून हसे. त्याच्या गाठीला कुणी ढिली म्हटलं, तर तो दिवसभर बोलत नसे.

त्या सकाळी सवयीने पुढे केलेला त्याचा हात हवेतच राहिला. तोल गेला, उभ्या बांबूला मिठी मारून तो कसाबसा खाली बसला.

"काय झालं रे?" अंगणातून सासूबाई ओरडल्या.

त्याने खिडकीतून खोलीतला बांबू पाहिला, कैऱ्या पाहिल्या, मला पाहिलं.

"काय न्हाय आये, माजीच गाठ सुटली."

मग बांबू परत बांधताना मला हळूच म्हणाला, "सूनबाय, कैरी पायजे तं माना हाक मारा. ह्यो बांबू नका काढू, माजी मानसं याला धरून चालतात."