कृष्णाक्काची लवंग

नाटकातली माणसं दुपारी झोपतात. शेजारपाजारचे त्याला आळस म्हणतात, म्हणू देत. संध्याकाळी ज्यांना दुसऱ्याचं आयुष्य अंगावर घ्यायचं असतं, त्यांना दुपारी आपलं थोडा वेळ खुंटीला टांगावंच लागतं. चारुशीला भोपळेला ही सवय कृष्णाक्कानं लावली, चारू तिच्या नाटक कंपनीत नवीन होती तेव्हा. आज मात्र चारूचा डोळा काही लागत नाही.

मेकअपरूममध्ये सतरंजी अंथरून, उशाला शालीची घडी घेऊन ती पडली आहे. भिंतीपलीकडे रंगमंचावर पांडबा सेट ठोकतोय. आज कृष्णाक्काच्याच आयुष्यावरच्या नाटकाचा पहिला प्रयोग आहे, कृष्णाक्काच्याच कोल्हापुरात, आणि कृष्णाक्का होणार आहे चारू. वीस वर्षं मोलकरीण, वहिनी, शेजारीण आणि खाष्ट सासू करून झाल्यावर पहिल्यांदाच जाहिरातीत तिचं नाव सगळ्यांच्या वर आलंय. एरवी ती आनंदानं नाचली असती, पण शेवटचा प्रवेश तिच्या घशात अडकलाय.

तो प्रवेश असा. कृष्णाबाई हसूरकर, एकेकाळची रंगभूमीची आणि रुपेरी पडद्याची नायिका, म्हातारपणी दवाखान्यातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली आहे. प्रेक्षकांकडे पाठ. खांदे गदगदतायत. आणि ती म्हणते, ‘घर हवं होतं मला. कपाळाला कुणाच्या तरी नावाचं कुंकू हवं होतं. रंग लावता लावता तोंड काळं करून बसले.’ मग अंधार, सनई, पडदा. लेखक-दिग्दर्शक अजित देशिंगकर या वाक्यावर इतके खूश आहेत की तालमीत चारूबरोबर त्यांचेही ओठ हलतात.

चारूनं त्यांना सांगून पाहिलं होतं. शेवटच्या दिवशी मी तिथं होते, म्हणाली, अक्का रडल्या नाहीत आणि असलं काही बोलल्याही नाहीत. देशिंगकरांनी मान डोलावली. खरं असेल, म्हणाले, पण लोकांना रुमाल काढावा लागला पाहिजे. शिवाय अक्काच्या पुतण्यानं, दिनकररावांनी, परवानगी दिली ती याच अटीवर, की आत्याला शेवटी पश्चात्ताप झालेला दिसला पाहिजे. चारूनं फारच ओढून धरलं तर? तालमीला एक दुसरी नटी येऊन मागच्या रांगेत बसायची. तिला सगळी वाक्यं पाठ होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

ठक, ठक, ठक. हातोडा जरा लांब जातो. मग तो हातोडा राहतच नाही. कुणीतरी अडकित्त्यानं सुपारी कातरतंय.

आरशासमोरच्या खुर्चीवर कृष्णाक्का बसली आहे. हिरवं इरकल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. चारूला ती आल्याचं नवल वाटत नाही, नवल वाटतं लुगड्याचं. ते तर तेराव्यानंतर तिनं स्वतःच कंपनीच्या जुन्या आचारीणबाईला दिलं होतं.

“निजलीस काय गं?” आरशात बघतच अक्का विचारते.

“झोप येईना, अक्का.”

“यायची न्हाई. संध्याकाळी खोटं बोलायचं आसलं की दुपारी डोळा लागत न्हाई. म्हणून तर मी खोटं कमी बोलायचो.”

रंगमंचावर हिची भाषा अशी असायची की पुण्याच्या लोकांनी कान देऊन ऐकावी. विंगेत आली की मात्र आलो, गेलो, जेवलो, अस्सल कोल्हापूर. पदराच्या टोकाला तिची ती गाठ आहेच, लवंगांची. दर एन्ट्रीच्या आधी एक लवंग दाढेखाली जायची आणि पडदा पडेपर्यंत तिथंच असायची. चारूनं एकदाच तो प्रयोग करून पाहिला होता. जीभ बधिर झाली आणि ‘ताईसाहेब’ हा एवढा शब्द तिला धड म्हणता आला नव्हता. अक्कानं तिला त्यावरून वर्षभर छळलं.

अक्का शेवटचं वाक्य म्हणून दाखवायला सांगते. चारू उठून बसते आणि म्हणते. कुंकू, घर, काळं तोंड, सगळं.

“टाळी पडणार,” अक्का सुपारी तोंडात टाकते. “लिवणारा हुशार हाय. पण ही बाई कोण?”

अक्का उठते, दार उघडते आणि बाहेर व्हरांडा नसतो, ट्रकचं हौद्यासारखं पोट असतं. गुंडाळलेले पडदे, पेट्या, पत्र्याच्या तलवारी. ट्रक चालू आहे. पडद्यांच्या वळकटीवर दोघी बसल्या आहेत आणि चारूच्या दोन वेण्या तिच्या खांद्यांवर आपटतायत. अक्का तिच्याहूनही लहान दिसते आहे, चौदा-पंधराची, आणि तिचं अंग पिवळंजर्द आहे.

ही गोष्ट चारूनं शंभरदा ऐकली आहे. हसूरच्या गुरवाची पोर, बिजवराशी लग्न ठरलेलं, हळद लागली आणि त्याच संध्याकाळी ही बया गावाबाहेर उतरलेल्या नाटक कंपनीच्या गाडीत जाऊन बसली. मालक घाबरले, पण त्या दिवशी त्यांची देवीचं काम करणारी नटी तापानं फणफणली होती. पहिल्या भूमिकेला मला रंग लावावा लागला न्हाई, हळद हुतीच की, असं अक्का सांगायची आणि स्वतःच हसून लोळायची. देशिंगकरांच्या नाटकात हा प्रवेश नाही. दिनकररावांनी काढायला लावला.

ट्रक थांबतो तो तळ्याच्या काठावर. तळं कापडावर रंगवलेलं आहे आणि तरी चारूचे पाय भिजतात. वर दिवे, समोर कॅमेरा, एक माणूस हातात ग्लिसरीनची बाटली घेऊन उभा. चित्रपटाच्या नायिकेला नवरा सोडून गेलाय, तिनं आता रडायचं आहे. अक्का बाटली घेते आणि तळ्यात फेकते. बुडबुडे येतात.

“सोडून गेला तर गेला,” ती कॅमेऱ्याला म्हणते. “मी घोड्यावर बसतो आणि माझ्या वाटंनं जातो. पटत आसंल तर घ्या, न्हाईतर दुसरी बघा.”

घेतलं त्यांनी तसंच. चित्रपट गावोगाव चालला आणि बायका तो घोडा बघायला पुन्हा पुन्हा गेल्या. मग तिशी उलटली आणि त्याच चित्रपट कंपनीनं तिला त्याच नायकाची आई व्हायला बोलावलं. ज्याच्या गळ्यात गळा घालून मागच्या साली गायलो त्याला औंदा बाळ म्हणू व्हय, असं विचारून अक्का स्टुडिओतून जी बाहेर पडली ती आपली स्वतःची नाटक कंपनी काढूनच थांबली.

तळ्याच्या पलीकडच्या काठावर स्वयंपाकाचा ओटा आहे. तिथं बाबूराव पेटीवाले पीठ मळतायत. कंपनीत पेटी वाजवायचे, उरलेलं आयुष्य अक्काच्या घरी राहिले, लग्नाशिवाय. तेही गेले त्याला किती वर्षं झाली. ते मान वर करून चारूकडे बघून हसतात आणि भाकरी थापायला लागतात. थापण्याचा ताल बरोबर त्रितालाचा पडतो.

“त्यानं इचारलं हुतं,” अक्का हळूच सांगते. “मीच नको म्हटलो. माणूस घरात हाय, भाकरी माझ्यापरास चांगली करतोय. आणखी कसलं घर पायजे? आणि कुंकू मी रोज लावतच हुतो. माझ्या नावाचं.”

चारूला तव्यावरच्या भाकरीचा वास येतो, मग तो वास फिनेलचा होतो. बाबूरावांचा ओटा लोखंडी खाट झाला आहे. दवाखाना. अक्का खाटेवर आडवी, म्हातारी, हाडांचा सापळा, पण काजळ घातलेलं. खाटेचं तोंड भिंतीकडे आहे.

हे चारूला माहीत आहे. हे घडलेलं आहे. आता अक्का विचारणार, दार कुठल्या बाजूला हाय गं.

“दार कुठल्या बाजूला हाय गं?”

“मागं, अक्का.”

अक्काचा एकच कडक नियम होता. लोकांना पाठ दाखवून रंगमंचावरून जायचं नाही. मागं सरत जा, आडवं जा, काय वाटेल ते करा, पण तोंड लोकांकडे. चारू मोलकरणीच्या पहिल्यावहिल्या भूमिकेत तबक ठेवून सरळ वळून चालायला लागली होती, तेव्हा राणीच्या सिंहासनावरून अक्कानं भर प्रयोगात, अगदी शुद्ध भाषेत, विचारलं होतं की सखे, दरबारानं तुझा काही अपराध केला आहे का? थिएटर हसून कोसळलं. त्यानंतर चारूनं आयुष्यात कुणाला पाठ दाखवली नाही. तालमीत देशिंगकरांनी खाट भिंतीकडे लावली तेव्हा तिला ते पहिल्यांदा खटकलं ते यामुळेच.

त्या दिवशी चारूनं खाट दाराकडे फिरवली होती, पण आता, स्वप्नात, तिचे हात खाटेला लागत नाहीत. ती उभीच राहते.

“अक्का, तुमचं काय जातं सांगायला,” ती म्हणते आणि तिचा आवाज तिलाच परका वाटतो. “तुम्ही गेलात. मी इथं आहे. वीस वर्षं मी तबकं उचलली. आता कुठं मधोमध उभी राहतेय तर तुम्ही म्हणता हे बोलू नको, तिकडं बघू नको. मी आज ते वाक्य सोडलं तर उद्या तुमच्या खाटेवर ती दुसरी बसेल. ती रडेल. छान रडेल. मग काय करायचं मी? परत तबक?”

मागं आता दार नाही. दाराच्या जागी थिएटर आहे, शेवटच्या रांगेपर्यंत भरलेलं. पहिल्या रांगेत देशिंगकर मांडीवर घडीचा रुमाल घेऊन बसलेत, शेजारी दिनकरराव. सगळ्यांना अक्काची पाठ दिसते आहे.

अक्का रागावत नाही. कोपरावर रेलून ती चारूकडे बघते, आणि तिचं तोंड हळूहळू खुलतं, एखादी तालीम मनासारखी झाल्यावर खुलायचं तसं.

“हां,” ती म्हणते. “ह्यो आवाज. वीस वर्षं कुठं ठेवला हुतास?”

“अक्का, मी खरंच विचारतेय.”

“मी पण खरंच सांगतो. उद्या ती बसंल तर बसू दे. उद्याचं मला म्हाईत न्हाई, मी मेलोय. आज पडदा कुणासाठी उघडणार हाय?”

“माझ्यासाठी.”

“मग आज मालक तू. मी तुझ्याजवळ रडलो न्हाई, चारे. एवढी एक गोष्ट माझी ऱ्हायलीय खाली. ती त्या रुमालात बांधून देऊ नगंस.”

ती पदराची गाठ दातांनी सोडते. एक लवंग काढते, आणि लहान मुलाला औषध द्यावं तशी चारूचं तोंड दाबून आत सरकवते. तिची बोटं थंड नाहीत. सुपारीचा आणि पावडरीचा वास येतोय बोटांना.

“फिरव आता.”

चारू खाट धरते. लोखंडी पाय फरशीवर किंचाळतात. खाट फिरते आहे, थिएटर फिरतं आहे, पहिल्या रांगेतला रुमाल मांडीवरून घसरतो आणि कुणी उचलत नाही.

ठक. ठक.

ती डोळे उघडते. छताचा पंखा, आरशाभोवतीचे बल्ब, रिकामी खुर्ची. पांडबाचा हातोडा चालूच आहे. खिडकीतून येणारं ऊन सतरंजीच्या कडेपर्यंत सरकलं आहे. उशी कोरडी आहे, डोळेही. चारू दोन्हींवर हात फिरवून खात्री करून घेते, कारण अक्का स्वप्नात आली की एरवी ती रडून जागी होते.

मग तिला तोंडातलं कळतं. उजव्या दाढेखाली काहीतरी टोचतंय, आणि जिभेची तेवढी कड बधिर झाली आहे. ती बोटानं काढून बघते. लवंग. डोकं शाबूत असलेली, नुकती चावलेली. या खोलीत लवंग कुठून येणार? चारूच्या पेटीत नाही, पर्समध्ये नाही, तिच्या घरात मसाल्याच्या डब्यातसुद्धा ती लवंगेला मागचा कप्पा देते. ती खोलीभर नजर फिरवते, मग शोधायचं सोडून देते. लवंग परत दाढेखाली ठेवते.

रंगमंचावर जाते. शेवटच्या प्रवेशाची खाट भिंतीशी लावून ठेवली आहे, भिंतीकडे तोंड करून. पांडबा तोंडात खिळे धरून उभा आहे. हा अक्काच्या कंपनीत होता. तिचं सिंहासन यानंच उचललं आणि शेवटी तिची तिरडीही.

“पांडबा, ही खाट फिरवा. तोंड लोकांकडे.”

पांडबा तोंडातले खिळे काढून हातात घेतो. आज रात्री ते वाक्य नाही तर काय बोलणार, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. काय बोलायचं ते चारूला पाठ आहे. दवाखान्यात अक्का बोलली होती तेच, तेवढंच: खाट फिरवा, मी पाठ दाखवून जाणार न्हाई.

“देशिंगकरसाहेबांना इचारलंय का बाई?”

चारूची जीभ बधिर आहे. तरी एकही अक्षर न अडखळता ती म्हणते, “नाही. फिरवा.”