ताईला पाठवलेली कॅसेट

ऐंशीच्या दशकात मी शहरातल्या सदर भागात एका कचेरीत टायपिस्ट होते आणि संध्याकाळी पत्रकारितेच्या वर्गाला जायचे. तिथले एक सर माध्यमांचा सिद्धान्त शिकवायचे. एकदा ते म्हणाले, "नवं साधन आलं की माणसं ते आधी जुन्यासारखंच वापरतात. त्याचा स्वतःचा स्वभाव मागाहून कळतो." मला तेव्हा यात विशेष काही वाटलं नाही.

आमचं घर पारशिवनीजवळच्या खेड्यात. मोठी ताई लग्न होऊन जबलपूरला गेली होती. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिची पत्रं काका लिहून द्यायचे. दिरासमोर बसून मुलीला विचारून विचारून काय विचारणार? पीकपाणी आणि आशीर्वाद, एवढ्यात कार्ड संपायचं.

त्या हिवाळ्यात मी टेपरेकॉर्डर घेतला आणि सुट्टीत घरी नेला. चुलीपाशी ठेवून आईला म्हटलं, "ताईले जे सांगाचं आहे ते ह्याच्यात बोल."

आईनं पदर सारखा केला, घसा खाकरला. "चिरंजीव सौभाग्यवती मुलीस आईचे अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, इकडे सर्व कुशल..."

"आई, हे पत्र नाही. काहून अशी बोलून राहिली?"

"मंग कशी बोलू? तुहे काका तर असंच लिहितेत."

तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं. आई धावली, भांडं उतरवलं आणि तुरीच्या शेंगा सोलायला घेत टेपकडे बघून म्हणाली, "सांडलं ना वं दूध, तुह्याशी बोलता बोलता." मग तिची गाडी सुरू झाली. पाय अजून दुखतेत का, सासू कामाले हात लावते का, रात्री झोप लागते का. प्रत्येक प्रश्नानंतर ती थांबायची, जणू ताई समोरच बसली आहे. कॅसेट संपून खटका पडला तरी ती बोलतच होती.

पुढच्या महिन्यात ताईचं उत्तर कॅसेटवरच आलं. "आई, तू थांबली की मी मोठ्यानं उत्तर देत होती. सासूबाई बाहेरून विचारून राहिल्या होत्या, कोणाशी बोलते म्हणून." ताईही मध्ये मध्ये थांबत होती आणि आमची आई मान हलवून तिला "हो वं, हो" म्हणत होती.

मी हे सरांना सांगितलं. ते खुश झाले. म्हणाले, "पत्रात आई काकांच्या भाषेत बोलायची. टेपनं तिला तिची भाषा दिली. पण काय घेतलं, तेही बघ." ते मला पुन्हा घरी गेल्यावर, आईचं बोलणं परत ऐकायला कॅसेट लावली तेव्हा कळलं. ताईनं उत्तर त्याच कॅसेटवर भरलं होतं आणि आईचं बोलणं पुसलं गेलं होतं. काकांची कार्डं मात्र खुंटीवरच्या तारेत तशीच ओवलेली होती.

अलीकडे मोबाइल हाती आला तेव्हा मी त्यावरच्या निरोपात वर 'सप्रेम नमस्कार' आणि खाली माझं नाव लिहीत असे. भाची हसली, "मावशी, तुझं नाव वर दिसतंच की." ती स्वतः भांडी घासता घासता बोलून निरोप पाठवते, त्यात नळाचा आवाजही येतो. ते निरोप फोनमध्ये शेकड्यांनी साठतात, पुन्हा ऐकायला कोणी फिरकत नाही. नव्या साधनानं काय दिलं आणि काय नेलं, हे तपासायची सवय मला सरांमुळे लागली.

कॅसेट सुरू झाल्यावर पत्र लिहायचं काम गेलं म्हणून काकांना वाईट वाटेल, अशी मला तेव्हा धास्ती होती. पुढच्या खेपेला ते स्वतःच माझ्याजवळ येऊन बसले. "माह्यं बी भरून घे ना थोडं," म्हणाले. कार्डावर चार ओळींत आटोपणारा हा माणूस संत्र्याच्या बहारापासून नव्या गोऱ्ह्यापर्यंत सगळं सांगत सुटला. मग एकदम आवाज खाली आणून टेपकडे बघत म्हणाला, "पोरी, तुही लय आठवण येते वं." आई उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिनं मला हातानंच खुणावलं, चालू राहू दे.