रिकामी समजलेली बंदूक

२०१६ सालची, चिखले गावातली ती घटना अजून माझी पाठ सोडत नाही.

डहाणूच्या रुग्णालयातून आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. चिकू तोडणाऱ्या एका बाईच्या खांद्यातून छर्रा निघाला होता. मी वाडीवर पोचलो, तर मालकाने स्वतःच बंदूक पुढे केली. पोपट हाकलायला टांगलेल्या पत्र्याच्या डब्यावर मारायची सेमी-ऑटोमॅटिक एअर रायफल.

"सकाळी राखणदाराकडे होती, साहेब. नंतर मी मॅगझिन काढून भरत बसलो. मॅगझिन माझ्या हातात, मग गोळी सुटेल कशी?"

मला पटलं. म्हणजे गोळी सकाळीच, राखणदाराच्या हातून सुटली, असं मी धरलं. तलासरीकडच्या पाड्यावरून राखणदाराला सगळ्यांदेखत जीपमध्ये घातलं.

ठाण्यात तो म्हणाला, "मी डब्यालाच मारली, सायेब. बाई तवा आलीच नव्हती." मी आवाज चढवला, दरडावलं. उत्तर तेच. खोटं बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो. हा घालत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मालकाला बोलावून आवारात वाळूची बादली ठेवली. "कसं भरता, करून दाखवा."

छर्रे तो नीट बसवत होता, डोकं पुढे, कड बाहेर नाही. पण नळी हवालदाराकडे!

"शेठ, तिकडं करा की. माझी पेन्शन व्हायचीय अजून."

नळी बादलीत धरायला लावली. दोन छर्रे मारून त्याने मॅगझिन काढलं आणि सवयीने घोडा पुन्हा ओढला. "भरायच्या आधी हवा सोडतो मी..." म्हणेपर्यंत वाळू उडाली. आधीचा छर्रा सुटताच पुढचा आपोआप नळीत गेला होता.

त्याने रायफल खाली ठेवली. "त्या दिवशीही झाडांकडे हवा सोडली होती. म्हणजे मीच?"

त्याचा जबाब घेतला, निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. राखणदाराला सोडताना तो म्हणाला, "पाड्यावर येऊन सांगा ना, सायेब. माझं कोण ऐकणार?"

"येतो," म्हणालो. गेलो नाही. लगेच माझी बदली झाली, पण ते निमित्त होतं. लाज वाटत होती, हे खरं.

मॅगझिन काढलं तरी नळी भरलेलीच समजावी. सेफ्टी लावावी, तोंड माणसांपासून दूर, बोट घोड्यापासून लांब, मगच छर्रे भरावेत. हे मी पुढे प्रत्येक बंदूकवाल्याला बजावलं. पाड्यावर सांगायचं मात्र राहिलं. तिथे अजून त्याला 'बाईला गोळी घालणारा' म्हणतात, असं परवा कळलं.

त्याने गोळी घातली नव्हती. मी त्याला चुकीने धरून नेलं होतं.