निखतचा जबाब

निखत आमच्या वरच्या खोलीत राहायला आली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. विमान कंपनीतली पोरगी, तोऱ्यात वागेल, असं वाटलं. चार दिवसांत कळलं, की ही बाळापूरच्या शफीक सायकलवाल्याची लेक, आणि तोरा करायला तिला वेळच नाही. अकोल्यात सहा महिन्यांचा कोर्स करून ती अमरावतीच्या विमानतळावर ‘गगनझेप’ नावाच्या स्वस्त कंपनीत लागली होती. घरातली पहिली नोकरदार. हाजराबी, तिची आई, फोनवर रोज विचारायची, ‘आज विमानाले हात लावला का गं?’

तिकीट स्वस्त कसं पडतं, ते मला निखतकडून कळलं. तीच काउंटरवर बसते, तीच धावत जाऊन प्रवासी चढवते, तीच उतरलेल्या बॅगांच्या चिठ्ठ्या जुळवते. बॅगा उचलणारे तर कंपनीचे नाहीतच, ठेकेदाराचे. भिंतीवर मात्र मालकाचा हसरा फोटो आणि खाली ‘आपण सारे एक कुटुंब’. माझी हयात एसटीच्या डेपोत गेली. साहेब लोक आम्हाला शिव्या घालायचे, पण कुटुंब म्हणून कधी कोणी फसवलं नाही.

तिथली हजेरी मोबाइलवर. नऊ तास भरले की मोबाइल माणसाला आपोआप ‘आउट’ करतो. कागदोपत्री सगळं कायद्यात. विमान उशिरा आलं की आउट झालेली माणसं तशीच राबत राहतात.

"काहून राबता मंग?" मी एकदा विचारलं.

"काका, विमान उभं असलं का कोनी घरी जात नाई. गेलं तं दुसऱ्या दिवशी यादीत नावच नसते."

जानेवारीत अशाच एका संध्याकाळी सहदेवचा पाय गेला. सहदेव नांदगाव खंडेश्वरचा, पंचेचाळिशीतला, बॅगा चढवणारा. विमान दोन तास उशिरा होतं. साडेपाचला मोबाइलनं त्याला आउट केलं. सहाला सामानाची गाडी उतारावरून मागे आली आणि त्याचा पाय तिच्यात आणि भिंतीत चेंगरला. निखत पाच पावलांवर होती. त्या गाडीचा ब्रेक लागत नाही, हे तिनंच आठवडाभर आधी वर कळवलं होतं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कंपनी म्हणाली, याची पाळी संपली होती, हा तिथे विनापरवानगी कशाला गेला ते आम्हाला ठाऊक नाही.

बाकी कोणीच काही पाहिलं नव्हतं, म्हणे. निखत माझ्याकडे आली. मी जुना युनियनवाला, माझ्या अंगात आलं. "कंपनीले लिहून दे," म्हटलं, "कागदावर आलं का कोनाच्या बापाले भ्याचं काम नाई." मी सांगत गेलो, ती लिहीत गेली: सहदेव कामावर होता, पाळीवरच्या साहेबानं त्याला थांबवून घेतलं होतं, ब्रेक बंद होता. सहदेवचा भरपाईचा सगळा दावा त्या एका पानावर उभा होता.

चौथ्या दिवशी तिला केबिनमध्ये बोलावलं. लॅपटॉपच्या पडद्यावर दिल्लीकडची एक मॅडम होती, आवाज साखरेसारखा. तिनं कॅमेऱ्यातलं जुनं चित्र लावलं. चांदूर बाजारची एक म्हातारी मक्केची उमरा यात्रा करून परतली होती, तिचा जमजमच्या पाण्याचा डबा पट्ट्यावर आला नव्हता. निखतनं तो धावत जाऊन शोधून आणला. म्हातारीनं हातातल्या बाटलीतून तिला घोटभर जमजम दिलं आणि एक खजूर दिला. निखत उभी राहिली, तिनं बिस्मिल्ला म्हटलं, पाणी प्यायली, खजूर तोंडात टाकला. मक्केहून आलेलं पाणी कोण नाकारेल? आपण तीर्थाला नको म्हणतो का?

कंपनीच्या भाषेत याचं नाव ‘प्रवाशाकडून लाभ स्वीकारणे’. चित्र दीड महिन्यापूर्वीचं, म्हणजे अपघाताच्याही आधीचं. इतके दिवस ते कोणाला खुपलं नव्हतं. पोरीनं जबाब दिला आणि यांनी बसून जुनी चित्रं धुंडाळली! मॅडमच्या सांगण्यावरून केबिनमधल्या साहेबानं दोन कागद पुढे ठेवले. एक बडतर्फीचा, कारणासकट. दुसरा कोरा, जबाब गैरसमजातून दिला होता म्हणून मागे घेते, असं त्यावर तिनं लिहून द्यायचं. विचाराला एक दिवस.

निखत माझ्यासमोर येऊन बसली. "काका, ते जमजमले लाच म्हनून राहिले."

"नोकरी गेली तं दुसरी भेटन," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"तो कागद दाखोल्यावर कोन घेईन मले? अन् अब्बाच्या हाती पडला तं?"

मी तिला खंबीर राहा म्हणायला हवं होतं. मला पेन्शन आहे, घर आहे, माझ्या तोंडी ते शोभलंही असतं. पण तिच्याकडे पाहून जीभ रेटेना. पहिला जबाब मी सांगितला होता, माघारीचा मजकूरही मीच सांगितला. त्याची लाज मला आजही वाटते.

तीन आठवड्यांनी, रविवारी, सहदेव कुबड्या घेऊन माझ्या बैठकीत आला. सोबत त्याची बायको सुभद्रा, हातात कंपनीचं इंग्रजी पत्र. "मॅडमच वाचून दाखोतीन," ती वरून आलेल्या निखतच्या हाती पत्र देत म्हणाली, "दुसऱ्या कोनावर भरोसा नाई आमचा."

पत्रात निखतचं नाव मला दिसलं. मी तिला डोळ्यानं खुणावलं, ते वाक्य गाळ म्हणून. तिनं गाळलं नाही. "यात लिहेल हाय का, निखत शफीक हिनं आपला जबाब वापस घेतला. म्हनून दावा नामंजूर."

"म्हंजे तुमीच?" सुभद्रानं विचारलं.

"हो वयनी. मीच."

सुभद्रानं पत्र तिच्या हातातून ओढून घेतलं. सहदेव मात्र रागावला नाही, आणि तेच बघवेना. तो निखतकडे वळला.

"मॅडम, पाय अडकला तवा माहं डोकं कोनं धरलं होतं?"

"म्या," निखत म्हणाली. ती रडत होती.

"मंग मी कामावरच होतो ना?"

"हो भाऊ. कामावरच होते तुमी."

"बस, एवढंच आयकाचं होतं," सहदेव म्हणाला. "पोरं रोज इचारतात, बाबा, काम नव्हतं तं तिथं काहून गेलते? आता मलेबी वाटाले लागलं होतं, का काहून गेलतो मी."